एक गिअर वर

१९७८ साली मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात टर्नर म्हणून चिकटलो, तेव्हा माझ्याबद्दल दोन मतं होती. माझ्या मते मी हुशार होतो. दुसरं मत आमचे फोरमन तात्या यांचं होतं. ते छापण्यासारखं नाही.

काम साधं. २५ मिलिमीटर जाडीच्या सळईतून पिना काढायच्या. लेथ मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घ्यायचं, टूल हायस्पीड स्टीलचं आणि पैसे नगावर. डोंबिवलीतल्या जागेचे हप्ते डोक्यावर होते, त्यामुळे मी सरळ त्रैराशिक मांडलं: फेरे दीडपट, तर नग दीडपट, तर पैसे दीडपट. तात्या चहाला गेलेले पाहून गिअर एक घर वर टाकला.

पहिल्या मिनिटाला मशीन गाऊ लागलं. दुसऱ्या मिनिटाला कीस निळा पडला. मला तो शोभिवंत वाटला. चौथ्या मिनिटाला टूलाने किंचाळून मान टाकली. मग ग्राइंडरवर धार, पुन्हा सेटिंग, पुन्हा चार मिनिटं. संध्याकाळी मोजलं, तर नग रोजच्यापेक्षा कमी आणि टूल बोटभर उरलेलं.

तात्या म्हणाले, "अरे, हायस्पीड हे टूलाचं नाव आहे, तुझं नाही. वेग दहा टक्के वाढव, याचं आयुष्य निम्म्यावर येतं. टेलर नावाच्या अमेरिकन माणसाने हे १९०६ साली मांडलं. त्यासाठी २६ वर्षं प्रयोग केले, साडेतीन लाख किलोहून जास्त लोखंडाचा कीस केला. तू चार मिनिटांत शिकलास. तेही माझ्या टूलावर!"

"मग हळूच चालवू?"

"हळू चालवलंस तर गाळ्याचं भाडं शेठ देणार कुठून? टूल स्वस्त आणि बदलायला सोपं, तर पळव जरा. महाग असेल, बदलायला अर्धा तास जात असेल, तर सांभाळ."

हे मी आमच्या चाळीतल्या काकांना सांगितलं. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. म्हणाले, "बंदुकीच्या नळीचं तेच. दारू वाढवली की गोळी जोरात जाते, पण तापलेला वायू दारू पेटते त्या बाजूचं पोलाद खातो. गोळी नळीतून जायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. पाच हजार गोळ्या झाडून नळी निवृत्त झाली, तर तिची सगळी नोकरी पाच-सहा सेकंदांची! लढाईत वेग हवाच, नळी बदलता येते. पण शंभर मीटरवरच्या कागदी निशाणाला थोडी कमी दारू पुरते. कागद काही पळून जात नाही."

मी नुसती मान डोलावली. ज्ञान आणि हप्ते यांत हप्ते वजनदार. महिन्याभरात मी डबल पाळ्या धरल्या. सलग बाराव्या दिवशी, पहाटे तीनच्या सुमाराला, चालू मशीनवर माझा डोळा लागला. जाग आली ती आवाज बंद झाल्यामुळे. तात्यांनी स्विच पाडला होता आणि माझं मनगट घट्ट धरलं होतं. चकपासून ते वीतभर दूर होतं.

एरवी तात्यांनी माझं पूर्ण कूळ उद्धरलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त माझा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे टूल बदलायला किती वेळ लागतो रे?"

डोंबिवलीची जागा दोन वर्षं उशिरा झाली. दहाही बोटांनी कुलूप उघडलं.

आता इस्टेटमध्ये लेथ कमी आणि काचेच्या इमारती जास्त. त्यांतल्याच एकीत माझा मुलगा काम करतो. घरी येतो आणि पुन्हा रात्री दोनपर्यंत कॉम्प्युटर उघडून बसतो. मी त्याला टेलर सांगितला. तो म्हणाला, "बाबा, डेडलाइन आहे."

मी वाद घालत नाही. घराचा मेन स्विच कुठे आहे, तेवढं पाहून ठेवलंय.