काटकसर : आधीची आणि नंतरची

सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. परंतु आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवरील शेतकऱ्याचे वर्ष मृग नक्षत्राबरोबर सुरू होते. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद अशा कोणत्याही तालुक्यात जा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घरोघर एकच विवंचना असते. बियाणे हवे, खत हवे, ट्रॅक्टरचे भाडे हवे. त्याच दिवसांत शाळा उघडतात, म्हणून फी, गणवेश, वह्या-पुस्तके हवीत. आणि त्यातच गळके पत्रे बदलावयाचे असतात. ह्या दिवसांत आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत येणारी मंडळी वाढतात. निमित्त बाप्तिस्म्याच्या दाखल्याचे असते, दोन मिनिटे बसल्यावर मूळ गोष्ट बाहेर येते : "फादर, कुठून तरी दहा हजारांची सोय होते का बघा की."

आम्हांला ह्या मंडळींविषयी सहानुभूती आहे. तरीही एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते. आजारपण न सांगता येते, गारपीट न सांगता येते. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी भागात मर रोगाने उभी तूर वाळली, तीही कोणास सांगून वाळली नाही. परंतु जून महिना काही चोरपावलांनी येत नाही. तो दरवर्षी ठरल्या दिवशी येतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा पैसा हाती येतो, संक्रांतीनंतर तुरीचा येतो. मग मृग येईपर्यंत तो जातो कोठे? हा प्रश्न आम्ही कित्येकांस विचारला. मोठे खर्च सर्वांना तोंडपाठ असतात : अमक्याचे लग्न, तमक्याचे ऑपरेशन, बैलजोडी. त्या सर्वांची बेरीज केली तरी काही रक्कम शिल्लक राहावयास हवी असते. ती सापडत नाही. ती कोणी चोरलेली नसते. ती दहा-दहा रुपयांनी गेलेली असते.

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी गृहस्थाबरोबर आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एका दिवसाचा हिशेब मांडला. स्टँडवर सकाळ-संध्याकाळ दोन चहा, खिशात एक पुडी, आणि धाकटे मूल रडू नये म्हणून कुरकुऱ्याचे एक पाकीट. बेरीज चाळीसच्या घरात गेली. हे सारे बंद करा असे आम्ही म्हटले नाही. फक्त दहा रुपये, म्हणजे चारांपैकी एक खर्च, कमी करता येईल का, एवढेच विचारले. गृहस्थ हसून म्हणाले, "फादर, दहा रुपयांनं काय होतंय हो?"

काय होते ते आम्ही तेथेच मांडून दाखविले. रोजचे दहा म्हणजे महिन्याचे तीनशे. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला तीनशे भरले तर पाच वर्षांत १८,००० रुपये जमा होतात. २०२४ मध्ये चालू असलेल्या ६.७ टक्के व्याजदराने त्यांचे सुमारे २१,४०० रुपये होतात. तेवढा धीर नसेल तर दिवाळीपासून मृगापर्यंत सात महिनेच धरा. २,१०० रुपये होतात. त्यात एका मुलाचा गणवेश आणि वह्या निघतील, किंवा बियाण्याच्या खर्चाला चांगला हातभार लागेल.

आता दुसरी बाजू पाहा. हा पैसा साठविला नाही आणि जूनमध्ये सावकाराकडून दरमहा शेकडा पाच रुपये व्याजाने दहा हजार काढले, तर केवळ व्याजच महिन्याला ५०० रुपये होते. रोजचे सोळा-सतरा रुपये झाले. शिवाय मुद्दल जागच्या जागी! म्हणजे स्वतःच्या घरासाठी रोज दहा रुपये काढणे ज्याला अशक्य वाटत होते, तोच गृहस्थ सावकारासाठी रोज सोळा रुपये काढू लागतो. तेव्हा चहा आपोआप एक होतो, मुलाचा खाऊ बंद होतो, आणि त्याबद्दल कोणी "काय होतंय?" असे विचारीत नाही. वाचकहो, आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच की, साधारण मिळकतीच्या घराला काटकसर टळत नाही. ती आधी स्वखुशीने आणि स्वतःसाठी करावयाची, की नंतर निरुपायाने आणि परक्यासाठी करावयाची, इतकीच निवड आपल्या हाती असते.

सावकाराच्या जोडीला अलीकडे दारोदार कर्ज वाटणाऱ्या खाजगी वित्तसंस्था आल्या आहेत. पैसा चटकन मिळतो. मग हप्त्याच्या वारी दाराशी माणूस उभा राहतो. वसुलीच्या जाचाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. हे योग्यच झाले. परंतु कायदा वसुलीदाराच्या जिभेला आवर घालील. तो आपल्या घरात शिल्लक आणून ठेवणार नाही.

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. "खर्च कमी करा" असे म्हटले की पुष्कळ घरांत पहिली कात्री घरधनिणीच्या ताटाला लागते. दूध अर्धा लिटरवरून पावशेरावर येते, अंडे बंद होते, वरण पातळ होते. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच तुरीच्या मुलखात घरच्या बाईच्या वाटीत वरणाचे पाणी यावे आणि घरधन्याच्या खिशातील पुडी मात्र तशीच राहावी, ह्याला आम्ही काटकसर म्हणत नाही, अन्याय म्हणतो. कर्नाटकात गुटख्याला २०१३ पासून बंदी आहे. तरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन ती बंदी रोज तळहातावर मोडली जाते. एका पुडीचे दोन पुड्यांवर गेलेले पैसे आणि पुढे तोंडाच्या रोगावर जाणारे पैसे, दोन्ही एकाच घरातून जातात.

म्हणून काटकसरीचा क्रम ठरलेला असावा. जे अपाय करते ते प्रथम सोडावे : दारू, तंबाखू, पुडी. जे केवळ दिखाव्यासाठी आहे ते त्यानंतर : वाढदिवसाचे फलक, वरातीचा कानठळ्या बसविणारा बाजा, शेजाऱ्याने केले म्हणून करावयाचा पाहुणचार. मग सोयीचे खर्च पाहावे : एकेक रुपयाच्या पुड्यांऐवजी महिन्याचे साबण-चहापत्ती एकदम आणली तर काय वाचते, घरातील तीन मोबाइलना मोठे रिचार्ज खरोखर हवे काय, ते तपासावे. परंतु मुलांचे दूध, आजाऱ्याचे औषध, शाळेची वही, दाराशी आलेल्या पाहुण्याचा कपभर चहा आणि गरजवंताचा वाटा ह्यांना हात लावू नये. उपवासकाळात ख्रिस्तसभा आपल्याला शिकविते की, उपवासाने जे वाचले ते भुकेल्याचे आहे. कंजूष माणूस पैशासाठी माणसे सोडतो. काटकसरी माणूस माणसांसाठी पैसा राखतो. आणि ज्याच्या ताटात मुळातच पुरेसे नाही, त्या मजुराला काटकसरीचे धडे देणे हा निव्वळ निर्दयपणा होय. त्याला योग्य मजुरी मिळवून देणे हेच त्याच्यासाठी पहिले काम आहे.

काही खर्च तर आपण न करता वाचतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना 'शक्ती' योजनेखाली सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला. ज्या बहिणी आठवड्याच्या बाजाराला तिकीट काढून जात, त्यांचे तेवढे पैसे तेव्हापासून वाचू लागले. पण ते आहेत कोठे? बहुतेकींना सांगता येत नाही, कारण वाचलेला पैसा आपोआप साठत नाही; तो दुसरी वाट शोधून निघून जातो. हुमनाबादच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या एका बहिणीने मात्र निराळा मार्ग धरला. घरी परतल्याबरोबर ती जुन्या तिकिटाइतके पैसे डब्यात टाकते. "तिकीट काढलं असंच समजते मी, फादर," असे तिने आम्हांला सांगितले. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ह्याहून चांगला नियम आम्हांला आढळला नाही. वाचला तो पैसा त्याच दिवशी, त्याच हाताने बाजूला पडला पाहिजे.

आमच्या आईची रीतही अशीच होती. १९७२ च्या दुष्काळातून गेलेल्या घरातील ती मुलगी. दळणासाठी ज्वारी मापताना ती दर वेळी एक मूठ परत काढून निराळ्या गाडग्यात टाकीत असे. भाकऱ्या कमी झाल्याचे आम्हां भावंडांना कधी जाणवले नाही. पण आषाढात पाऊस लागून मजुरी बंद झाली, की ते गाडगे उघडत असे.

परंतु धान्याचे गाडगे ठीक. पैशाचे गाडगे आता सुरक्षित नाही. आपल्या आजोबांच्या काळी, हैदराबाद संस्थानात, हाली सिक्का चालत असे. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. तो सिक्का गेला आणि त्याची किंमत चांदीपुरती उरली. नंतर ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतून आणि साड्यांच्या घड्यांतून केवढा पैसा बाहेर आला! त्या दिवसांत दोन गोष्टी उघड झाल्या. एक, आपल्या स्त्रिया बचत करतात. दुसरी, ती त्यांना नवऱ्यापासून लपवावी लागते. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक बोचते. जेथे पत्नीला शिल्लक लपवावी लागते, तेथे ती कंजूष आहे असे नव्हे. तेथे तिचा विश्वास उडालेला आहे. तो परत मिळविणे हे नवऱ्याचे काम.

डब्यातून पैसा पुढे नेण्याच्या वाटा आपल्या जिल्ह्यांत नवीन नाहीत. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभर पाचशे गटांपासून सुरू केला. पुढे बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने खेडोपाडी हजारो गट उभे केले, आणि बाहेरगावचे लोक ते काम पाहावयास येऊ लागले. २००० साली कर्नाटक सरकारची 'स्त्रीशक्ती' योजना आली. गटात दर आठवड्याला भरलेले वीस-पंचवीस रुपये दिसावयास क्षुल्लक; परंतु त्यांच्या आधारावर बँक ज्या दराने कर्ज देते, तो सावकाराच्या दाराच्या जवळपासही फिरकत नाही. जूनमध्ये हात पसरण्याऐवजी वहीवर सही करून पैसा घेता येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या मराठी कॅथलिक बांधवांना तर ह्याचे उत्तम उदाहरण घरचेच आहे. वसईत १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी संस्थेची स्थापना झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, आज ती मोठी बँक आहे. दूर कॅनडातही असेच घडले. लेव्ही गावच्या आल्फोन्स देजार्दें नावाच्या श्रद्धावंत गृहस्थाने सावकारीने पिळलेल्या गरिबांसाठी १९०० च्या डिसेंबरात लोकपेढी काढली. जानेवारी १९०१ मध्ये पहिल्या दिवशी जमलेली सारी रक्कम भरली २६ डॉलर ४० सेंट! त्या देशातील कित्येक धर्मगुरूंनी ते काम पुढे नेले, आणि गावोगाव अशा पेढ्या निघाल्या. त्या पहिल्या दिवशी चार नाणी घेऊन आलेल्या माणसालाही कोणी तरी "एवढ्याने काय होणार?" असे विचारलेच असेल.

ईजिप्तमध्ये योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दरवर्षी पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. आपल्याला कोणी पाचवा हिस्सा मागत नाही. दिवसाचा एक चहा किंवा एक पुडी, एवढाच आपला प्रश्न आहे. तेव्हा आमची सूचना साधी आहे. येत्या रविवारी सायंकाळी जपमाळेची प्रार्थना झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. मुलाच्या जुन्या वहीची चार पाने घ्यावी. आठवड्यात काय आले, काय गेले, त्यातले काय नसते तरी चालले असते, आणि काय बाजूला पडले, हे पानापानावर लिहावे. लेखणी शाळकरी मुलीच्या हाती द्यावी, आणि पहिला खर्च सांगण्याचा मान घरधन्याने घ्यावा. त्याने खिशातील पुडीपासून सुरुवात केली, तर बाकीचा हिशेब लिहावयास फारसा वेळ लागणार नाही.