खोली विकू नका

आमच्या वाडीच्या मंडळाची लालबागला एक खोली आहे. ती विकून टाका, असं सभेत सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं असेल तर मी. आता मीच विकायला आडवी येते म्हटल्यावर माणसं विचारतात, "बाई, तुमका जाला काय?" काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त नाव घेताना आवाज खाली जातो. मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला, आणि त्याच्या रेडिएशनसाठी मी त्या खोलीत राहिले.

मुंबईत राहणाऱ्या नव्या पिढीला या खोल्या ठाऊक नसतील. कोकणातल्या कितीतरी गावांनी, वाड्यांनी गिरणगावात अशा खोल्या घेतल्या. वर्गणी भरली की एक खुंटी, एक ट्रंक ठेवण्याएवढी जागा आणि निजायला पाळीप्रमाणे जमीन. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला तिथेच पाठ टेकायचा. जेवण खानावळीत. बायकांना त्या खोलीत जागा नव्हतीच. बायका गावात शेत, गुरं आणि सासू सांभाळत मनिऑर्डरची वाट बघायच्या.

माझे बाबा तिथे राहिले. गिरणीत साचेखात्यात होते. चवथीला यायचे, शिमग्याला जमलं तर यायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, महिने गेले, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत, आणि बाबा ट्रंक घेऊन इन्सुलीला परत आले. माझं डी.एड. तेव्हा संपत आलं होतं. म्हणजे बाप घरात राहायला आला तेव्हा मी घरातून बाहेर पडायच्या बेतात होते. त्यामुळे चाकरमान्यांना त्या खोलीबद्दल जे गहिवरून येतं, ते मला कधी आलं नाही. चाळ पाडून नवी बांधायचं बिल्डरचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, फुंकून टाका एकदाची, माऊलीच्या देवळाला चांगला सभामंडप होईल. माझ्या बोलण्यात हिशोब कमी होता आणि राग जास्त, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाळी थांबून बरीच वर्षं झाल्यावर मला रक्त जायला लागलं. आमच्याकडे काहीही झालं की आधी गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल. इन्सुली म्हटल्यावर लोकांना गोव्याच्या दारूसाठी गाड्या तपासणारा नाकाच आठवतो, पण त्याच नाक्यावरून आमची आजारी माणसं उलट्या दिशेने गोव्यात जातात. तपासण्या तिथे झाल्या. पुढचं परळला टाटा हॉस्पिटलात करायचं ठरलं, कारण भाचा मुंबईत.

गावात अजून विचारतात, ऑपरेशन का नाही केलं? या आजाराची गाठ थोडी पसरली की रेडिएशन आणि त्याच्या जोडीला आठवड्याला एक केमो, हाच मुख्य उपाय असतो. टाटातल्याच डॉक्टरांनी 2018 साली अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आधी केमो मग ऑपरेशन यापेक्षा हा मार्ग सरस ठरला. साधारण पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, बाहेरून किरण. मग काही वेळा आतून, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत गाठीजवळ नेऊन. रोजची मात्रा थोडी, दोन ग्रेच्या आसपास, कारण निरोगी पेशींना रात्रीतून सावरायला वेळ मिळाला पाहिजे. पण मध्ये खंड पडला तर गाठीलाही सावरायला वेळ मिळतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत सगळं आटपायचं. थोडे दिवस घरी जाऊन येते, हे इथे चालत नाही.

मग राहायचं कुठे? भाचा नालासोपाऱ्याला. गर्दीच्या लोकलमधून रोज परळ, या आजारात, अशक्य. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं टाटाचं बोर्जेस होम, ही नावं त्या दिवसांत मला पाठ झाली. ती नसती तर परळच्या फुटपाथवर आज दिसतात त्याच्या कितीतरी पट माणसं दिसली असती. पण देश मोठा आणि खाटा मोजक्या. आमचं नाव यादीत होतं आणि उपचार सुरू व्हायची तारीख डोक्यावर आली होती. भाचा म्हणाला, "आते, आपली खोली आसा मां?"

मी जाऊबाईंना घेऊन तिथे गेले. नवरा मागे राहिला. सासू आणि म्हैस, दोघींनाही त्याच्याशिवाय चालत नाही. खोलीत राहणारी पोरं, कोणी कुरियरमध्ये तर कोणी सिक्युरिटीत, वळकट्या उचलून गॅलरीत झोपायला गेली. कुरकूर झाली असेल. माझ्या कानावर आली नाही.

आता अवघड भाग सांगते, कारण तो कोणी लिहीत नाही. या रेडिएशनला जाताना मूत्राशय भरलेलं लागतं. ते फुगलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बऱ्याच अंशी बाहेर राहतात. त्यामुळे पाणी पिऊन, आवरून धरून, आपल्या नंबराची वाट बघायची. आणि थोड्या आठवड्यांनी जुलाब सुरू होतात, कारण सगळी आतडी काही वाचवता येत नाहीत. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी रांग. पहिल्यांदा मला धावायला लागलं तेव्हा रांगेतल्या एका बाईने काही न विचारता मला पुढे घातलं. संध्याकाळी मजल्यावरच्या बायकांनी शेवटच्या संडासाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. गावात मी आजाराचं नाव दडवत होते. इथे माझ्या पोटाचं वेळापत्रक अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं आणि मला त्याची लाज वाटेनाशी झाली. खरं सांगायचं तर घरच्यापेक्षा मी तिथे मोकळी होते. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि एक मेलेला नातेवाईक घेऊन येतो.

चवथ मधेच आली. आयुष्यात पहिल्यांदा मी चवथीला इन्सुलीत नव्हते. पोरं सगळी गावाला गेली, चाळ ओस पडली. खाली रस्त्यावर मात्र लालबागच्या राजाची गर्दी, तिच्यातून वाट काढत हॉस्पिटल गाठायचं. नवऱ्याने फोनवर घरचा गणपती दाखवला आणि खर्चाला पैसे पाठवले. त्याने गावातून पाठवायचे आणि मी लालबागच्या खोलीत घ्यायचे, हे बाबांनी बघितलं असतं तर हसले असते.

उपचारांचा खर्च महात्मा फुले योजनेतून बराचसा भागतो. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपर आणि थ्री टिअर एसीला पूर्ण सवलत देते, सोबत्याला 75 टक्के. म्हणजे मशीन परवडतं, गाडी परवडते. रात्र परवडत नाही. दीड-दोन महिने परळ भागात भाड्याने राहायचं म्हटलं तर आमच्यासारख्यांची बागायत गहाण पडेल.

हे सभेत मांडल्यावर एक शिकलेला पोरगा म्हणाला, जिल्ह्यात रेडिएशनचं मशीन मागू या, मग खोली कशाला? मागू या, मी निवेदनावर सही करते. पण मशीनला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, मात्रेचा हिशोब करणारा भौतिकशास्त्रज्ञ लागतो, आणि तो टिकावा लागतो. आणि समजा उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झालं, तरी भरल्या मूत्राशयाने इन्सुलीहून रोज एसटीने? ओरोसलाही खोली लागेलच.

तेव्हा माझं म्हणणं मंडळापुढे असं आहे. इमारत पाडून नवी होऊ दे, पण पैसे घेऊन मोकळं होऊ नका, फ्लॅट घ्या. त्यात आत संडास. रुग्णांचा हक्क आधी, आणि बाईमाणसाचाही. पोरांनी भाडं भरून राहावं. गरज पडली तर, तेव्हा हलली तशी, हलावं. यावर एक ज्येष्ठ म्हणाले, "मंडळ म्हणजे काय धर्मशाळा आसा?" मी म्हटलं, इतकी वर्षं बापयांची धर्मशाळाच तर होती. त्यांना ते आवडलं नाही.

बाबांच्या वर्षांचा राग गेलेला नाही. तो त्या खोलीवर काढायचं तेवढं थांबलंय. ठराव मे महिन्यावर गेला आहे, चाकरमानी येतील तेव्हा. मतं बहुधा विकण्याच्या बाजूनेच पडतील. सभामंडपाच्या वर्गणीला माझ्या दारात याल तेव्हा आधी संडासाचं बोला, असं मी खजिनदाराला सांगून ठेवलंय.