पुलावरचा मुंजा

धुळ्यात पांझरा ओलांडून मी देवपुरात शिकवायला जातो. कुठल्याही दगडी पुलाच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले, की माझा जीव खालीवर होतो. आई म्हणायची, "उपटू नकोस हो, मुंजा असतो!" असेलही, पण मुळे दगड सारतात, त्याचे काय?

महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या घेऊन. त्या दिवशी आई जेवली नाही.

दुरुस्ती म्हणजे नदी उतरलेली असताना मुळे काढायची, राडारोडा पात्रात न लोटता सांध्यांत चुना भरायचा. सिमेंट नको; ते पाणी कोंडते, चुन्यातून ओल निघून जाते.

आता आई म्हणते, "उपट, पण देवळामागे नेऊन लाव."