गच्चीवरचा अँटेना

दोन अँटेना आठवडाभर टेबलावर पडून होते. एक चपटा, चुंबकाचा, खिडकीत ठेवायचा. दुसरा पालथ्या नरसाळ्यासारखा, पाइपावर बसवायचा. चपट्यावर उपग्रहांकडून वेळ घेणारं घड्याळ चालायचं, पण शेजारच्या टिनांवरून परतलेले संकेत वेळ किंचित हलवायचे. आज दुसरा गच्चीवर चढवला. त्याच्या उतारावर पाणी साचत नाही, पाखरूही टिकत नाही.

वायर २० मीटर. ती पार करायला संकेताला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. तेवढे घड्याळात वजा केले. वीस हजार किलोमीटरवरून आलेल्या वेळेला माझ्या जिन्यात लागलेला उशीरही मोजावा लागतो, याचं दिवसभर नवल वाटत राहिलं.

बाबा आकाशवाणीच्या ठोक्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावायचे. खुर्चीवर चढून, मिनिटकाटा बोटाने अडवून, श्वास रोखून. ते थांबलेलं बोट आज सारखं डोळ्यांपुढे येतंय. ठोका पडेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. आमच्या यवतमाळचा सूर्य तिच्यामागे सरासरी १७ मिनिटं. बाबांना हे ठाऊक होतं का, विचारायचं राहिलं.

संध्याकाळी पुन्हा वर गेलो. अँटेनाची सावली कठड्यापर्यंत पोचली होती. खाली घड्याळ उपग्रह मोजत होतं : सात, आठ, पुन्हा सात.