दहा दिवसांचा दूधपगार

सोमवार, 8 जुलै 2024, करमाळा
उजनीच्या फुगवट्याकाठच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहालाच पोचलो. सभासद 140, दूध दोन वेळा. म्हणजे दहा दिवसांच्या बिलाला 2800 नोंदी. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, शिवाय पेंडीची कपात आणि उचल. इथल्या कितीतरी घरांच्या जमिनी धरणात गेल्या. दुधाचा पगार हा त्यांचा हातातला पैसा. हिशेब चुकून चालणारच नाही.

त्यासाठीच अ‍ॅप करतोय. रेंजचा भरवसा नाही, म्हणून नोंद आधी फोनमध्येच. एसक्यूलाइट ठरलेलंच आहे. रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणलेला हा डेटाबेस अँड्रॉइडमध्येच असतो आणि सगळं एका फाइलीत ठेवतो. त्याच्यावर ओआरएम, म्हणजे क्लास आणि टेबलं जोडणारी लायब्ररी, कोणती घ्यायची, एवढंच ठरवायचंय. केंद्र सांभाळणाऱ्या तात्यांचा फोन साधा, त्यातली जागा कायम भरलेली. लायब्ररी हलकीच हवी.

बुधवार, 10 जुलै
ओआरएमलाइट लावून पाहिली. शिकायला सोपी. सभासदाचा क्लास लिहिला की टेबल तयार, सभासद हाती आला की त्याच्या नोंदीही मिळतात. पण बिल काढताना फोन अडखळला. लॉग पाहिला तर यादीसाठी एक क्वेरी आणि पुढे माणशी एकेक, अशा 141! माझ्या कोडमध्ये साधा लूप होता. या क्वेऱ्या त्यात कुठे दिसतच नव्हत्या. टेबलं जोडून, बेरीज करून हेच काम एका क्वेरीत झालं.

शुक्रवार, 12 जुलै
ग्रीनडाओ चपळ आहे, पण तिचे कर्तेच आता नव्या अ‍ॅपसाठी ऑब्जेक्टबॉक्सकडे बोट दाखवतात.

गुगलची रूम 2017 मधली. तिच्यात महत्त्वाचं एसक्यूएल आपणच लिहायचं. मुद्दाम रकान्याचं नाव चुकवलं, तर कंपाइल होतानाच अडवलं. मुख्य थ्रेडवर क्वेरी चालवू देत नाही, नात्यातल्या नोंदी न सांगता मागवत नाही. मला हेच हवं होतं. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतोय. फॅट 4.1 असेल तर 41. अपूर्णांकांच्या बेरजेत पैसाभरही इकडेतिकडे नको.

मंगळवार, 16 जुलै
गाईच्या दुधाला 1 जुलैपासून लिटरमागे 5 रुपये अनुदान, त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लागतो. बारा अंकी, साध्या इंटमध्ये मावत नाही, म्हणून मजकूर म्हणूनच ठेवला. एका सभासदाच्या चार गाई असतात, तेव्हा वेगळं टेबल केलं.

त्यासाठी डेटाबेसची आवृत्ती 1 ची 2 केली आणि चाचणीच्या फोनमधल्या सगळ्या नोंदी गेल्या. जुन्या नोंदी नव्या रचनेत नेणारं स्थलांतर लिहिलेलं नसेल तर जुनी टेबलं पुसून नवी करण्याची मुभा मीच सुरुवातीला देऊन ठेवली होती. तात्यांची वही होती म्हणून निभावलं. ती ओळ काढली. रात्रभर झोप लागली नाही.

गुरुवार, 18 जुलै
स्थलांतर हाताने लिहिलं. रूमने जपून ठेवलेल्या जुन्या रचनेवरून डेटाबेस उभा केला, त्यात खऱ्यासारख्या 2800 नोंदी भरल्या, मग आवृत्ती वाढवली. मोजल्या, 2800. लिटर आणि रकमेच्या बेरजाही जुळल्या.

संध्याकाळी केंद्रावर एका आजींनी कार्ड पुढे केलं. "बाळा, मागल्या दहा दिवसांचं निघतंय का यात?" निघालं. तात्या एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, आजी कार्डावर बोट ठेवत गेल्या. वीसच्या वीस नोंदी जुळल्या.