कड्यावरचं फुटेज, घरचा लॅपटॉप

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं फुटेज एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे: दा विंची रिझॉल्व्ह. फुकट आहे, व्हिडिओवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारत नाही आणि सिनेमावाले वापरतात तेच आहे. शिकायचंच तर खरं शिका, असं मी मनापासून सांगायची. आता नव्याने कॅमेरा घेतलेल्या माणसाला मी हा सल्ला देत नाही.

रिझॉल्व्हबद्दलचा माझा आदर तसाच आहे. दा विंची कंपनीची रंगदुरुस्तीची यंत्रणा एके काळी लाखो डॉलरला मिळायची, म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्याच आवाक्यात होती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली आणि पुढे त्याच सॉफ्टवेअरची एक आवृत्ती सगळ्यांना फुकट दिली. पैसे भरून घ्यायची स्टुडिओ आवृत्तीसुद्धा २९५ डॉलरला एकदाच घ्यायची, दर महिन्याचं भाडं नाही. नोकरी करून शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हाती एवढं मोठं साधन आलं याचं मला फार अप्रूप होतं, आणि ते प्रत्येकापर्यंत पोचावं असं वाटे.

माझं मत हललं ते दुसऱ्यांच्या लॅपटॉपसमोर बसून. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू साठी ओलांडल्यावर डोंगरात यायला लागल्या. मुलाने त्यांना गोप्रो घेऊन दिला. ऑक्टोबरात आम्ही पाचनईच्या सोप्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो, गुहेत मुक्काम केला आणि सकाळी कोकणकड्यावर पोचलो. खालची दरी ढगाने भरलेली, पाठीमागून ऊन वर येत होतं. काकू कड्याच्या काठाशी पालथ्या पडल्या, कॅमेरा पुढे धरला आणि तो चालूच ठेवला. मधल्या काही सेकंदांत ढगावर इंद्रवज्र, म्हणजे इंद्रधनुष्यासारखं वर्तुळ, उमटलं आणि विरलं. त्याआधी आणि त्यानंतर नुसता पांढरा ढग, वाऱ्याची घरघर आणि कोणाच्या तरी सॅकचा पट्टा.

घरी आल्यावर त्यांच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी रिझॉल्व्ह बसवून दिलं. मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर ही त्याची सात पानं काकूंनी वहीत ओळीने उतरवून घेतली. फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि चित्र अडखळायला लागलं. गाडं पुढे सरकेना. खुद्द कंपनीच या सॉफ्टवेअरसाठी सोळा जीबी रॅम सांगते, फ्यूजन वापरायचं तर बत्तीस. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला सिनेमा नाही काढायचा. नातवाला ते इंद्रवज्र दाखवायचंय."

त्या वाक्यानंतर मी या फुटेजकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. छातीवर किंवा हेल्मेटवर बांधलेला कॅमेरा तासन्‌तास बघत असतो. त्यात दगड असतात, बूट असतात, पुढच्याची पाठ असते, धाप असते, आणि मध्येच कुठेतरी ज्यासाठी कॅमेरा नेला ते असतं. सिनेमावाला ठरवून शॉट घेतो, त्याचं खरं काम पुढे रंगात आणि आवाजात असतं. आपलं काम तांदूळ निवडण्याचं आहे. खडे बाजूला झाले की जे उरतं ते बहुधा तसंच चांगलं असतं. तेव्हा सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा अशी: मोठी फाइल झटकन उघडते का, आणि नको ते झटकन काढता येतं का?

फाइली मोठ्या असतात म्हणजे किती? सेकंदाला साठ मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला सत्तावीस जीबी होतात. बहुतेक गोप्रो एक सलग चित्रण सुमारे चार-चार जीबीच्या तुकड्यांत साठवतात, म्हणजे या वेगाने दर नऊ मिनिटांना नवी फाइल. त्यांची नावंही नवख्याला चकवतात. नावातले पहिले दोन अंक तुकड्याचे, पुढचे चार त्या चित्रणाचे. त्यामुळे नावाप्रमाणे लावलं की ४२ नंबरच्या चित्रणाचा दुसरा तुकडा ४३ नंबरच्या पहिल्या तुकड्याच्या मागे जाऊन बसतो, आणि वर चढणारी माणसं मध्येच खाली उतरायला लागतात. वेळेप्रमाणे लावा, गोंधळ मिटतो. शिवाय फोर-केसाठी कॅमेरा बरेचदा एच.२६५ ही साठवण्याची पद्धत वापरतो. त्यात फाइल लहान होते, पण ती उलगडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. जुन्या लॅपटॉपचं घोडं इथेच पेंड खातं, आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

काकूंना मग मी लॉसलेसकट लावून दिलं. हे फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे. फाइल त्यात ओढून टाकली की लगेच चालू होते. हवा तो भाग सुरू होतो तिथे आय दाबायचं, संपतो तिथे ओ, आणि एक्सपोर्ट. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, आहे त्याचाच तुकडा काढला जातो. म्हणून काम सेकंदांत होतं, दर्जा तसूभरही उतरत नाही आणि मूळ फाइलला हात लागत नाही. एक मर्यादा आहे: कट अगदी हव्या त्या फ्रेमवर न पडता जवळच्या की-फ्रेमवर (ठरावीक अंतराने येणाऱ्या पूर्ण फ्रेमवर) पडतो. इंद्रवज्राच्या अलीकडे-पलीकडे थोडा ढग राहिला. काकूंचं त्याने काही अडलं नाही. तो तुकडा त्याच संध्याकाळी नातवाच्या फोनवर पोचला.

ज्यांना तुकडे जोडायचे आहेत, गडाचं नाव लिहायचं आहे, वाऱ्याचा आवाज बंद करून त्या जागी आपलं निवेदन घालायचं आहे, त्यांना मी शॉटकट सुचवते. तेही फुकट आणि खुलं. एस दाबलं की क्लिप तुटते, एक्स दाबलं की नको तो भाग निघून पुढचा मागे सरकतो. एवढ्यावर हात बसला की निम्मं काम झालं. फाइल जड असेल तर प्रॉक्सी चालू करायची. मग काम हलक्या प्रतीवर होतं आणि शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलवरून निघतो. आणि कोणतंही सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी त्यात 'हरिश्चंद्रगड' टाइप करून बघा. 'श्च' आणि 'द्र' नीट उमटले तर मराठी नावांची चिंता नको.

स्वस्त कशाला म्हणायचं, याबद्दलही माझं मत पालटलं. पूर्वी मी फक्त सॉफ्टवेअरची किंमत पाहायची. आता लॅपटॉप धरून हिशेब करते. फुकटच्या सॉफ्टवेअरपायी नवा लॅपटॉप घ्यावा लागला तर ते फुकट कसलं? महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाडं थांबलं की आपलाच अर्धवट प्रोजेक्ट बरेचदा उघडता येत नाही, आणि वर्षातून चार ट्रेक करणाऱ्याने बारा महिने पैसे का भरावेत? कंपनीच्या मर्जीचाही प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत बंद केलं. गोप्रोचं स्टुडिओ हे संगणकावरचं सॉफ्टवेअरही पुढे बंद झालं. गोप्रोचं मोबाइलवरचं क्विक अ‍ॅप आहे, चटकन क्लिपा जोडून देतं, पण त्याच्यावर सोपवलं तर कोणते क्षण ठेवायचे हे ते स्वतःच ठरवतं. काकूंच्या फुटेजमधला पांढऱ्या ढगावर फिकटसा उमटलेला गोल त्याने उचलला असता, असं मला वाटत नाही. ती निवड माणसानेच करावी.

साधं घेतलं की काही सोडावं लागतं, हेही खरं. फ्लॅट (फिक्या रंगाच्या) प्रोफाइलमध्ये चित्रण करून दरीतला काळोख आणि आभाळाचा उजेड एकाच चौकटीत सांभाळायचा असेल, तर रिझॉल्व्हच्या कलर पानाला माझ्या पाहण्यात तोड नाही, आणि मी स्वतः अजून तिथेच काम करते. त्या वाटेने ज्याला जायचं आहे त्याने खुशाल जावं. मी आनंदाने शिकवीन. बाकीच्यांनी कॅमेऱ्यातच नेहमीचा रंग ठेवावा आणि १०८० मध्ये चित्रण करावं. फोनवर आणि घरच्या टीव्हीवर ते छान दिसतं आणि लॅपटॉपही हसतखेळत चालतो.

मला काळजी आहे ती न उघडलेल्या कार्डांची. आमच्याच ग्रुपमध्ये कितीतरी जणांच्या ड्रॉवरमध्ये भरलेली कार्डं पडून आहेत, 'एकदा नीट शिकलो की करू' म्हणून. त्यांतल्या काही चित्रणांतली माणसं आता डोंगरात येत नाहीत. म्हणून सांगते, या रविवारी एकच कार्ड काढा. मूळ फाइली आधी हार्ड डिस्कवर उतरवा, त्यातलं एक मिनिट कापा आणि ज्यांच्याबरोबर गेला होता त्यांना पाठवा. त्याआधी कुठल्याही सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करू नका.