सोळा ते अठरा

नाताळ झाला की पाळकसाहेब चार दिवस गावी जातात आणि मग मंडळीतल्या जुन्या माणसांची आठवण होते. "गुरुजी, येत्या रविवारचं वचन तुम्ही द्याल का?" असा फोन येतो. मीही "बघतो" म्हणत म्हणत हो म्हणतो. पंचाहत्तरी झाली, गुडघे कुरकुरतात, पण वचन द्यायला उभं राहायचं म्हटलं की शाळेतली जुनी खोड जागी होते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरात, हा फोन आला तेव्हा मात्र मी आधी तक्ता काढून बघितला. २८ डिसेंबर. मत्तय दुसरा अध्याय, तेरा ते तेवीस. आणि मी फोनवर गप्पच बसलो. "गुरुजी, ऐकताय ना?" पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं.

का गप्प बसलो ते सांगण्याआधी या तक्त्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळ्याच वाचकांना तो माहीत असणार नाही. ख्रिस्ती मंडळीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. मग नाताळ, प्रकटीकरण, राखेचा बुधवार, लेंतचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, पेंटेकॉस्ट, आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिने काहीच विशेष नसलेला हिरवा काळ. कोणत्या रविवारी शास्त्रातलं काय वाचायचं हे ठरलेलं असतं. कॅथलिकांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये तीन वर्षांची पाठमाला आणली. एक वर्ष मत्तयाचं, एक मार्काचं, एक लूकाचं. योहान मात्र तिन्ही वर्षांत मध्ये मध्ये डोकावतो. तोच नमुना पुढे ठेवून प्रॉटेस्टंट मंडळ्यांची सामाईक पाठमाला झाली, ती आजच्या रूपात १९९२ ची.

आम्ही मूळचे अमेरिकन मराठी मिशनचे, नगरकडचे. मिशनरी न्यू इंग्लंडातून आलेले. तिथल्या त्यांच्या पूर्वजांना नाताळसुद्धा चालत नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून बावीस वर्षं नाताळ साजरा केला तर दंड होता! त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्याकडे लेंत, आगमनकाळ हे शब्द 'इंग्लिश चर्चवाल्यांचे' समजले जात. उपदेशक आपल्या मनाने पाठ निवडत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या आणि आमच्याकडेही जांभळे, पांढरे, हिरवे पडदे लागू लागले. गंमत म्हणजे तो दिवस आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता.

माझ्या वडिलांना हे पडद्यांचे रंग कधी पटले नाहीत. मला मात्र पटले, आणि त्याचं कारण पूर्णपणे मास्तरकीचं होतं. अभ्यासक्रम नसला की शिक्षक आपल्या आवडीचे धडे पुन्हा पुन्हा शिकवतो. उपदेशकाचंही तसंच. मी असे उपदेशक पाहिलेत, की पाठ कुठलाही असो, दहाव्या मिनिटाला ते उधळ्या पुत्रापाशी हजर. तक्ता असला की नावडतं पानही उघडावं लागतं. आगमनकाळात सगळ्यांना गव्हाणीकडे धावायची घाई असते, पण तक्ता तिसऱ्या रविवारी तुम्हाला तुरुंगात नेतो. तिथे बाप्तिस्मा करणारा योहान निरोप पाठवून विचारतो आहे, की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? नाताळाच्या दहा दिवस आधी असली शंका! कोणता उपदेशक आपणहून ती निवडेल?

कधी कधी तर तक्ता आपल्यासाठीच केल्यासारखा वाटतो. मत्तयाच्या वर्षी पेरणाऱ्याचा दाखला जुलैच्या मध्यावर येतो. पाठमाला करणारे बरेचसे थंड मुलखातले, त्यांना आपल्या मृगाशी काय देणंघेणं? पण २०२३ च्या जुलैत मी हा दाखला ऐकला तेव्हा जून कोरडा गेला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, आणि पुढच्या बाकांवर बसलेल्यांना खडकाळ जमीन म्हणजे काय हे समजावून सांगायची काही गरज नव्हती. उपदेशकाने तरी वीस मिनिटं समजावून सांगितलं, ती गोष्ट वेगळी.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन सात उद्गारांवर सात उपदेशक बोलतात. ही तीन तासांची रीत जेझुइटांनी पेरू देशातल्या लिमा शहरात सुरू केली, आणि आमच्याकडे ती अशी रुजली, की पहिल्या उद्गाराला पस्तीस मिनिटं आणि सातव्याला पाच. मला बहुतेक वेळा सातवा मिळायचा. असो.

आता मूळ गोष्ट.

१९८६ साल. मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक होतो. आसपासच्या वाड्यांवर छोट्या मंडळ्या होत्या. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी येत, बाकीचे रविवार आम्ही दोघे-तिघे सायकलवरून जाऊन सांभाळायचो. नाताळानंतरच्या रविवारी, तोही २८ डिसेंबरच होता, मला एका वाडीवर जायचं होतं. पाळकसाहेबांनी चिठ्ठीवर पाठ लिहून दिला होता. मत्तय दोन, तेरा ते तेवीस.

पाठाचे तीन तुकडे आहेत. योसेफ स्वप्नात सूचना मिळून बाळाला आणि मरीयेला घेऊन रातोरात मिसरात पळतो. मग हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांची व त्याहून लहान मुलं मारून टाकतो. मग हेरोद मरतो आणि हे कुटुंब परत येऊन नासरेथात राहतं. मधला तुकडा म्हणजे ओवी सोळा ते अठरा. त्यात मत्तयाला यिर्मया संदेष्टा आठवतो. रामा गावी रडणं ऐकू येतं, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि समजूत घालून घेत नाही.

त्या वाडीवर एक बाई होती. दिवाळीच्या सुट्टीत तिचा सहा वर्षांचा मुलगा पाटात बुडून गेला होता. मी देवळात शिरलो आणि ती दुसऱ्या ओळीत सतरंजीवर बसलेली दिसली. मी काय केलं? पंधराव्या ओवीनंतर सरळ एकोणिसावी वाचली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग देव आपल्या लेकरांना संकटातून कसा सुखरूप नेतो यावर अर्धा तास बोललो. चांगला बोललो. लोकांनी हात मिळवले.

सायकलचं कुलूप काढत होतो तेव्हा ती आली. डोक्यावर पदर, हातात पोरीचा हात. म्हणाली, "गुरुजी, ते मधलं का नाय वाचलं? पोरगी घरी वाचून दाखवती मला. मला वाटलं, आज तुम्ही त्या बाईचं सांगताल."

मी म्हणालो, "वेळ कमी होता."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मी तिच्या दुःखाला जपतो आहे अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे मी स्वतःला जपत होतो. तिच्यासमोर त्या ओव्या वाचल्या असत्या तर पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मार्चअखेर माझी बदली झाली. पुन्हा त्या वाडीवर जाणं झालं नाही.

वसईला माझे एक कॅथलिक स्नेही आहेत, तेही निवृत्त शिक्षक. त्यांना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुम्ही चोरून गाळलंत, आमच्याकडे तर छापूनच गाळलंय." त्यांच्याकडे त्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो. मत्तयाच्या वर्षी वाचन तेरा ते पंधरा आणि मग एकोणीस ते तेवीस! गाळलेला भाग अठ्ठावीस तारखेच्या निष्पाप बालकांच्या सणाला वाचतात, पण त्या तारखेला रविवार आला की तो सण मागे पडतो. म्हणजे २०२५ मध्ये त्यांच्याकडे राहेल रडलीच नाही.

हे सगळं मी हसत सांगू शकत होतो २०२१ पर्यंत.

त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. आमचा मुलगा महिनाअखेरीस पुण्यात कोविडने गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. दफनाला आम्ही दोघं जाऊ शकलो नाही, सुनेने फोनवर दाखवलं तेवढंच. ईस्टरनंतर पन्नास दिवस मंडळीचा आनंदाचा काळ असतो. देवळं बंद, पण मोबाईलवर दर रविवारी उपासना लागायची आणि तिथे हालेलूया चाललेलं असायचं. कॅलेंडर कोणासाठी थांबत नाही हे मला समजत होतं, मीच लोकांना ते शिकवत आलो होतो. पण हिने एका रविवारी मोबाईल उलटा करून ठेवला, तो आमच्या घरी बरेच महिने तसाच राहिला.

सांत्वनाला फोन यायचे. एका वडीलधाऱ्या उपदेशकांनी सांगितलं, "देवाची योजना पूर्ण व्हावी म्हणून हे झालं." हिने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. त्यानंतर नाताळानंतरच्या आठवड्यात ती देवळात आली नाही, चार वर्षं.

म्हणून मी फोनवर गप्प बसलो होतो. शेवटी म्हणालो, "देतो."

आठवडाभर त्या तीन ओव्या घेऊन बसलो. एवढी वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं आणि एक गोष्ट कधी नजरेत भरली नव्हती. पंधराव्या ओवीत, मिसरात जाण्याविषयी, मत्तय म्हणतो की संदेष्ट्याचं वचन पूर्ण व्हावं म्हणून असं झालं. 'म्हणून' म्हणजे उद्देश. पण मुलांच्या हत्येपाशी तो 'म्हणून' वापरत नाही. तिथे फक्त 'तेव्हा' आहे. तेव्हा ते वचन पूर्ण झालं. मूळ ग्रीकमध्येही हाच फरक आहे. हा बदल त्याने सबंध शुभवर्तमानात दोनच ठिकाणी केला आहे, इथे आणि यहूदाच्या तीस रुप्यांपाशी. हेरोदाने केलेलं देवाच्या खात्यावर मांडायला मत्तयाची लेखणी तयार नव्हती, असं मला वाटतं. कोणी म्हणेल, एका अव्ययावर एवढं काय! पण 'म्हणून' ऐकून आत निघून गेलेली बाई मी पाहिली होती.

आणखी एक. यिर्मयाच्या पुस्तकात राहेलीच्या रडण्यानंतर लगेच देवाचं आश्वासन आहे, की रडणं आवर, तुझी मुलं परत येतील. मत्तयाला ते पाठ असणारच. त्याने ते घेतलं नाही. तिला रडतंच ठेवलं.

रविवारी मी पाठ पूर्ण वाचला. अठराव्या ओवीनंतर थोडा थांबलो, कारण थांबावंच लागलं. मग १९८६ ची गोष्ट सांगितली, त्या बाईचं नाव गाव न सांगता, आणि म्हणालो की तिला 'वेळ कमी होता' असं सांगणारा उपदेशक मीच. 'म्हणून' आणि 'तेव्हा' फळ्यावर लिहून दाखवायचा मोह झाला, पण देवळात फळा नव्हता. मुलाविषयी बोललो नाही. बोलता आलं नसतं. बारा मिनिटांत खाली बसलो. कोणी हात मिळवायला आलं नाही. एक तरुण जोडपं बराच वेळ बाकावरून उठलं नाही, त्यांचं काय होतं ते मी विचारलं नाही.

ही आली होती. शेवटच्या बाकावर, दाराजवळ. घरी येऊन चहा ठेवला आणि म्हणाली, "वाचलंत नीट. प्रार्थनेत मात्र घाई केलीत."

"केली," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी काय असतं या रविवारी?"

मी तक्ता बघितला. "लूक, दुसरा अध्याय. शिमोन आणि हन्ना. मंदिरात. तो मरीयेला म्हणतो, की तुझ्या जिवातून तलवार जाईल."

तिने कपात चहा गाळला, साखर घातली. मला मधुमेह आहे, हे तिच्या नंतर लक्षात आलं आणि तो कप तिने स्वतःकडे ओढून घेतला.